कांगारूचे मांस : माल चोख, पण बाजार का बसत नाही?

ऑस्ट्रेलियाचे मटण आखाती देशांत नोकरी केलेल्या आपल्या कोकणी बांधवांना नवीन नाही. हलालचा शिक्का असलेले हे मटण तेथील दुकानांत वर्षानुवर्षे विकले जाते. त्याच ऑस्ट्रेलियात दुसरे एक जनावर कोट्यवधींच्या संख्येने मोकळे फिरते. त्याला चारा घालावा लागत नाही की राखण ठेवावी लागत नाही. ते जनावर म्हणजे कांगारू. गाय-मेंढीऐवजी कांगारूच खावा, असा सल्ला तेथील काही जाणकारांनी दिला आहे. तरीही त्याचा बाजार म्हणावा तसा बसलेला नाही. याची कारणे व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखी आहेत, आणि मुसलमान गिऱ्हाइकाने तर नक्कीच.

जनावराचे गुण

ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी हजारो वर्षांपासून कांगारू खात आले आहेत. गुरे आणि मेंढ्या तेथे १७८८ नंतर इंग्रजांनी नेल्या. त्यांच्या टणक खुरांनी तेथील नाजूक जमीन तुडवली गेली. कांगारूचे पाय मऊ असतात. मांसात चरबी जेमतेम दोन टक्के, प्रथिने आणि लोह भरपूर. शिवाय गाय-मेंढीच्या पोटातून रवंथ करताना मिथेन वायू बाहेर पडतो व तो हवामान तापवतो. कांगारूच्या पोटातून हा वायू फारच कमी निघतो.

या शेवटच्या मुद्द्यावरच २००८ साली मोठी चर्चा झाली. जॉर्ज विल्सन आणि मेलनी एडवर्ड्स या दोन अभ्यासकांनी हिशेब मांडला, की २०२० पर्यंत गुरे ७० लाखांनी व मेंढ्या ३ कोटी ६० लाखांनी कमी कराव्यात आणि कांगारू ३ कोटी ४० लाखांवरून साडेसतरा कोटींवर न्यावेत. असे केल्यास देशाच्या एकूण वायू-उत्सर्जनात सुमारे तीन टक्के घट होईल. अर्थतज्ज्ञ रॉस गार्नो यांनी सरकारला दिलेल्या अहवालातही याची दखल घेतली गेली. २०२० साल आले आणि गेले. मेंढ्या आजही सुमारे सात कोटी आहेत, आणि कांगारू साडेसतरा कोटींच्या जवळपासही पोहोचले नाहीत.

माल येतो कसा?

माणसांनी खाण्यासाठी कांगारूचे मांस विकण्यास दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने १९८० मध्ये, तर इतर राज्यांनी १९९३ मध्ये परवानगी दिली. त्याआधी ते बहुतांशी कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात जात असे. आजही बराच माल तिकडेच जातो. लाल कांगारू, करड्या कांगारूच्या दोन जाती आणि वॉलारू एवढ्याच मुख्यतः व्यापारात आहेत. दरवर्षी विमानातून व इतर मार्गांनी गणती होते आणि अंदाजाच्या साधारण १५ टक्क्यांच्या आसपास मारण्याचा कोटा ठरतो. परवानाधारक शिकारी रात्री गाडीवरच्या झोताच्या उजेडात डोक्यात गोळी घालतो, जागेवरच आतडी काढतो आणि धड शीतपेटीत पोहोचवतो. तेथून ते कारखान्यात जाते.

घोडे कोठे अडते?

पहिली अडचण मालकीची. मेंढी शेतकऱ्याची असते, पण कांगारू वन्य प्राणी म्हणून सरकारच्या ताब्यात. तो शेतकऱ्याच्या कुरणातले गवत खातो, मात्र मांसाचा पैसा शिकारी व कारखानदाराकडे जातो. शेतकऱ्याच्या हाती फारसे काही येत नाही. म्हणून त्याला कांगारू हा माल वाटत नाही, उपद्रव वाटतो. ज्यात आपला हिस्सा नाही, त्या मालाची जोपासना कोण करील?

दुसरी अडचण पुरवठ्याची. कांगारू गोठ्यात पाळता येत नाही. तो कुंपण ओलांडतो, कोंडला की बिथरतो, आणि पाठलागाच्या धसक्याने त्याचे स्नायू निकामी होऊन मरतोही. मादीला एका वेळी एकच पिल्लू, आणि ते कित्येक महिने पोटाच्या पिशवीत राहते. मेंढीचे कोकरू काही महिन्यांतच बाजारात जाते. पाऊस चांगला झाला तर कांगारूंची संख्या पाच कोटींच्या वर जाते, दुष्काळ लांबला तर अडीच कोटींवर येते. आमच्या कापडाच्या धंद्यात नमुन्याचा तुकडा कितीही सुंदर असो, पुढच्या मोसमात तेच ताके मिळतील याची हमी नसेल तर ठोक व्यापारी सौदा करत नाही. मांसाच्या बाजारालाही हाच कायदा लागू आहे.

तिसरी अडचण गिऱ्हाइकाची. एकेकाळी निर्यातीचा सुमारे ७० टक्के माल एकट्या रशियाकडे जात होता. ऑगस्ट २००९ मध्ये मांसात जंतू आढळल्याचे सांगून रशियाने दार बंद केले. २०१२ च्या अखेरीस ते थोडे उघडले, २०१४ मध्ये पुन्हा बंद झाले. एकाच पेढीवर सगळी भिस्त ठेवणाऱ्याचे काय होते, हे वेगळे सांगायला नको. चामड्याचेही तसेच. हलके आणि चिवट असलेले हे कातडे फुटबॉलच्या बुटांसाठी नावाजलेले होते. पण अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात २०१६ पासून कांगारूच्या वस्तू विकण्यास पुन्हा बंदी आली. २०२३ मध्ये नायकी व प्यूमा यांनी आणि २०२५ मध्ये आदिदासने हे कातडे सोडत असल्याचे जाहीर केले. मादी मारली गेल्यावर पिशवीतल्या पिल्लालाही मारावे लागते, हा प्राणिमित्रांचा मुख्य आक्षेप आहे, आणि गोऱ्या देशांतल्या गिऱ्हाइकाच्या मनाला तो लागतो.

भरवसा एकदा गेला की

१९८१ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे ऑस्ट्रेलियन गोमांस म्हणून आलेल्या मालात घोड्याचे मांस निघाले. पुढे तपासात कांगारूच्या मांसाचीही भेसळ उघड झाली. साऱ्या ऑस्ट्रेलियाचा मांसव्यापार हादरला आणि न्यायमूर्ती वुडवर्ड यांचा चौकशी आयोग बसला. स्वस्त माल महाग मालात मिसळणाऱ्या काही लोकांनी प्रामाणिक व्यापाऱ्यांचीही पत घालवली. मापात आणि मालात खोट करणाऱ्याला कुरआनने का इतके कडक बजावले आहे, ते अशा वेळी कळते.

हलालचा प्रश्न

कांगारू गवत खाणारा प्राणी आहे, सुळ्यांनी फाडून खाणारा नाही. त्यामुळे जात म्हणून त्याचे मांस खाण्यास हरकत नाही, असे मत उलमांनी दिले आहे. खरा सवाल जबहचा आहे. बाजारातला जवळजवळ सगळा माल रात्रीच्या गोळीने मारलेला. गोळी घालणारा कोण, त्याने अल्लाहचे नाव घेतले की नाही, याचा पत्ता नसतो. शिकारीची मुभा शरियतमध्ये आहे, पण तिच्या अटीही आहेत. गोळीने मेलेल्या जनावराबाबत उलमांत मतभेद असून, आपल्याकडील अनेकांच्या मते ते जिवंत सापडून जबह झाले तरच हलाल होते. पाळीव मेंढी कत्तलखान्यात आणून रीतसर जबह करता येते. रानातल्या कांगारूला तसे आणणेच कठीण. म्हणून ऑस्ट्रेलियात किंवा युरोपात राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांनी केवळ "शाकाहारी प्राणी आहे" एवढ्यावर हे मांस उचलू नये. पाकिटावर भरवशाच्या संस्थेचा हलाल दाखला आहे का ते पाहावे आणि आपल्या आलिमांना विचारावे.

हिशेबाचा सार

रानातून मिळेल तेवढे, बेताने घेतलेले कांगारूचे मांस ही जोड ठरू शकते. जमिनीला त्याचा बोजा कमी, आणि कोटा पाळला तर जातही टिकते. पण गाय-मेंढीची जागा ते घेईल, हे गणित कागदावरच राहिले. मालकी, कायमचा पुरवठा, एकाहून अधिक बाजारपेठा आणि गिऱ्हाइकाच्या दीन-इमानाला पटेल अशी पद्धत, या चार गोष्टी जुळल्याशिवाय कोणताही माल दुसऱ्या मालाला पर्याय होत नाही. नव्या धंद्यात भांडवल घालण्यापूर्वी आपल्या तरुणांनी हे चार प्रश्न आधी विचारावेत. बरकत देणारा अल्लाह आहे. हिशेब मात्र आपणच करायचा आहे.