कुत्रे सारखे खाजवते, ते कशाने?



गाई-बैलांच्या आजारांवर आपण वरचेवर बोलतो. वस्तीवरच्या कुत्र्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. वास्तविक रात्रीची राखण तेच करते. नगर-पुणे रस्त्यावरचे केडगाव घ्या. गाव शहराला जोडले गेले, बंगले उभे राहिले. पण कुत्रे मळ्यातही आहे आणि बंगल्याच्या दारातही. पावसाळा लागला, की दोन्हीकडची तक्रार एकच : "कुत्रं रात्रभर खाजवतंय, कमरेवरचे केस गेले, खरूज झाली वाटतं."

दर वेळी ती खरूज नसते. खरजेचे किडे बहुधा कानाच्या कडा आणि कोपरे धरतात. खाज शेपटीच्या बुडाशी, कमरेवर आणि मागच्या मांड्यांवर असेल, तर पहिला संशय पिसवांवर घ्यावा. पिसू चावली, की तिची लाळ कातडीत उतरते. काही कुत्र्यांना ती लाळच सोसत नाही. यालाच डॉक्टर ॲलर्जी म्हणतात. अशा कुत्र्याला दोन-चार पिसवा चावल्या, तरी कितीतरी दिवस खाज पुरते. म्हणून अंगावर एकही पिसू दिसली नाही, तरी दोष पिसवांचा असू शकतो.

पारख सोपी आहे. कुत्र्याखाली पांढरे फडके अंथरून बारीक फणीने केस विंचरावेत. काळे कण पडले, तर त्यावर पाणी शिंपडावे. तांबूस डाग उठला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचेच पचलेले रक्त.

आता मुख्य गोष्ट. हुमणीचे भुंगेरे झाडावर दिसतात, पण अळी मुळाशी असते. पिसवांचेही तसेच. एक मादी दिवसाला ४० पर्यंत अंडी घालते. ती कुत्र्याच्या अंगावर टिकत नाहीत. ते झोपते तिथे गळतात : पाचटाच्या ढिगात, गोणपाटावर, ओट्याखालच्या धुळीत. ऊब आणि ओल मिळाली, की तीन-चार आठवड्यांत नवी पिसू तयार. कोशातली पिसू तर महिनोन् महिने दबा धरून बसते. नुसते कुत्रे धुऊन भागत नाही, ते यामुळे.

तेव्हा कुत्र्याखालचे गोणपाट उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. जुने पाचट काढून टाकावे, सांदीकोपरे आठवड्यातून दोनदा झाडावेत. वस्तीवरच्या सगळ्या कुत्र्या-मांजरांचा इलाज एकदमच करावा. कुत्र्यांसाठी मानेवर टाकायचे थेंब आणि पोटात द्यायच्या गोळ्या मिळतात. वजन सांगून जनावरांच्या डॉक्टरांकडूनच त्या घ्याव्यात. कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. पर्मेथ्रिनने मांजर दगावते.

एक धोका आवर्जून सांगतो. फवारणीचे औषध पाण्यात कालवून कुत्र्याला चोळणारे लोक आहेत. फिप्रोनिल उसालाही वापरतात आणि कुत्र्याच्या थेंबांतही असते, म्हणून शेतातली बाटली चालेल, असे समजू नका. दोन्हींची तीव्रता आणि मिश्रण वेगळे. कुत्रे अंग चाटते, विष पोटात जाते. शिवाय पोरेबाळे त्याच कुत्र्याला कुरवाळतात. पूर्वी बी.एच.सी.ची भुकटी अशीच सर्रास वापरत. तिच्यावर १९९७ साली देशात बंदी आली.

औषध कुत्र्याला आणि झाडू जागेला, दोन्ही एकाच दिवशी आणि दोन-तीन महिने न चुकता. मग कुत्रेही निवांत झोपेल आणि वेळेला भुंकेलही.