पेशीतली निवडटिपण

‘एकादशी केली की पेशी स्वतःचा कचरा खातात, कंपवात बरा होतो, याच शोधाला नोबेल मिळाले.’ असा संदेश तुमच्याही घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला असेल. कोगनोळीच्या आमच्या ग्रुपवर तो आला आणि काकांनी मनावर घेतला. त्यांना कंपवात आहे, मधुमेहही आहे. आठवड्यातून दोन दिवस कडक उपास आणि त्या दिवशी गोळ्या बंद, असा त्यांचा बेत ठरला. म्हणून हा लेखप्रपंच.

ऑटोफॅजी म्हणजे स्वभक्षण. योशिनोरी ओसुमी यांना त्यासाठी २०१६ चे नोबेल मिळाले, हे खरे. पण त्यांनी उपाशी ठेवले ते यीस्टच्या पेशींना, माणसांना नव्हे. या यंत्रणेची जनुके त्यांनी यीस्टमध्येच शोधली. आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही फळमाशीवर ऑटोफॅजीचा अभ्यास झाला आहे.

उपाशी पेशी आपल्यातलेच घटक मोडून गुजराण करते. पण पोट भरलेले असतानाही एक काम चालूच असते: निवडक स्वभक्षण. आजी सुपात जोंधळे घेऊन खडे वेचते ना, तसे. बिघडलेल्या घटकावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते. कोगनोळीच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो, तशी पी६२सारखी प्रथिने ती खूण वाचतात. मग तो माल एका पिशवीत बंद होऊन लायसोसोमकडे जातो. तिथे त्याचे तुकडे होऊन ते पुन्हा वापरात येतात.

कंपवाताशी संबंध इथे येतो. पेशीला ऊर्जा देणारा मायटोकॉन्ड्रिया बिघडला की पिंक१ हे प्रथिन त्याच्यावर साठते आणि पार्किनला बोलावते. पार्किन खूण लावते. या दोन प्रथिनांच्या जनुकांत दोष असेल तर कमी वयात येणारा आनुवंशिक कंपवात होऊ शकतो. क्षयाच्या जंतूंनाही पेशी अशाच रीतीने पकडू शकते. उलट, वाढलेली कर्करोगाची गाठ याच यंत्रणेवर तग धरते. म्हणजे स्वभक्षण जितके जास्त तितके आरोग्य चांगले, असा हिशेब नाही. आणि उपासाने कंपवात बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही.

काकांना मी निपाणीला डॉक्टरांकडे नेले. “मग एकादशी मोडायची व्हय?” काकांनी विचारले. डॉक्टर म्हणाले, “मोडू नका. पण दूध, फळं घ्या आणि गोळ्या वेळेवर. नाहीतर साखर उतरून कुठंतरी पडाल.” काकांना ते पटले.

तरुण मित्रांनो, असे संदेश आले की ग्रुप म्यूट करून मोकळे होऊ नका. प्रयोग कोणावर झाला, हे बघा आणि घरातल्या मोठ्यांशी शांतपणे बोला. उपास श्रद्धेने जरूर करावा. औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही थांबवू नये.