खाऱ्या हवेतली क्रिकेट-कार्डं

समुद्रकाठच्या मिरकरवाड्यात कुणाच्या ट्रंकेत नव्वदच्या दशकातली ‘बिग फन’ बबलगमची क्रिकेट-कार्डं असतील, तर ती जपा. जुन्या कार्डाचं मोल त्याच्या प्रतीवर ठरतं आणि ती प्रत ठरवताना जाणकार छपाई मधोमध आहे का, हे पाहतात. मग कोपरे, कडा आणि पृष्ठभाग तपासून दहापैकी गुण देतात. अमेरिकी बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२चं, साडेनऊ गुणांचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं.

आपल्याकडे कार्डाचा वैरी म्हणजे दमट हवा. कागदातलं सेल्युलोज ओल शोषून फुगतं, कार्ड वाकतं, बुरशीचे डाग पडतात. खाऱ्या वाऱ्यातलं मीठही ओल धरून ठेवतं. म्हणून पावसाळ्याआधी कार्डं आम्लरहित पाकिटात घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. लॅमिनेशन मात्र करू नका. तो थर कार्डाला इजा न करता निघत नाही.