घोयऱ्याच्या ताटात काय?

कोल्हापूरच्या रानात, कुंपणाच्या झुडपांत डुलत चालणारा घोयरा सरडा खाण्यात मुळीच एकसुरी नाही. नाकतोडे, माश्या, अळ्या, कोळी. अंगापेक्षा लांब जिभेच्या टप्प्यात आलं की संपलं! पाणीही तो पानांवरचे थेंब चाटून पितो.

परदेशात सरडे पाळणाऱ्यांना ही विविधता मुद्दाम जुळवावी लागते. त्यांचं नेहमीचं खाद्य रातकिडे; पण त्यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम नगण्य. नुसत्या रातकिड्यांवर ठेवलेल्या सरड्याची हाडं वाकतात. म्हणून आधी रातकिड्यांना पालेभाजी चारायची, मग त्यांना कॅल्शियमची पूड लावायची. जोडीला झुरळं, रेशीमकिड्यांच्या अळ्या. कॅल्शियम अंगी लागायला अतिनील दिवा नसेल, तर एवढा खटाटोपही अपुराच.

आपल्याकडे मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घोयरा पकडणं, पाळणं गुन्हा आहे. जखमी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.