सागरजलाची पारख

समुद्राचे पाणी ओंजळीत घेऊन पाहिले, तर ते काचेसारखे रंगहीन दिसते. परंतु तेच पाणी भर समुद्रात निळेशार, किनाऱ्याजवळ हिरवट आणि पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी गढूळ, तांबूस दिसते. एकाच पाण्याची ही नाना रूपे कशी होतात? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले, म्हणजे प्रकाशाच्या एका महत्त्वाच्या गुणधर्माशी आपली गाठ पडते.

अंधाऱ्या खोलीत कौलांच्या फटीतून कवडसा आला, की त्याच्या मार्गातील धूलिकण चमकू लागतात आणि प्रकाशाचा पट्टा आपल्याला बाजूनेही दिसतो. वास्तविक तो प्रकाश सरळ जमिनीकडे चाललेला असतो. परंतु वाटेत भेटलेल्या कणांमुळे त्याचा काही अंश निरनिराळ्या दिशांना वळतो व त्यातील थोडा आपल्या डोळ्यांत शिरतो. प्रकाशाच्या या विखुरण्यास प्रकीर्णन म्हणतात. पेलाभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकून त्यात एका बाजूने विजेरीचा झोत सोडला, तर पाण्यातील प्रकीर्णन आपल्याला घरच्या घरीही पाहता येते.

सुप्रसिद्ध भारतीय शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन हे १९२१ साली ‘नारकुंडा’ या आगबोटीने इंग्लंडहून मायदेशी परतत होते. वाटेत भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांचे मन वेधून घेतले. ही निळाई म्हणजे पाण्यात पडलेले आकाशाचे प्रतिबिंब होय, असे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचे मत होते. रामन यांनी निकोलचा लोलक योग्य कोनात धरून पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश वगळला आणि मग समुद्राकडे पाहिले. निळाई नाहीशी झाली नाही. उलट ती अधिकच खुलून दिसली! अर्थात, ती पाण्याच्या पोटातून येत होती. पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते. निळा प्रकाश खोलवर जातो आणि पाण्याच्या रेणूंकडून विखुरला जाऊन त्याचा काही भाग परत वर येतो. या विषयीचे आपले टिपण रामन यांनी बोट मुंबई बंदरात असतानाच, २६ सप्टेंबर १९२१ रोजी, ‘नेचर’ या नियतकालिकासाठी लिहिले.

परंतु समुद्रात केवळ पाणीच नसते. नद्यांनी आणलेला गाळ, मृत जीवांचे सूक्ष्म अवशेष आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य तरंगत्या वनस्पती त्यात असतात. या वनस्पतींना वनस्पतिप्लवक म्हणतात. समुद्रातील बहुतेक सर्व जीवांचे अन्न अखेर त्यांच्यावरच अवलंबून असते. प्रत्येक कण प्रकाश विखुरतो. म्हणून प्रकाश किती व कोणत्या दिशेने विखुरला हे मोजले, तर पाण्यात काय आहे, याचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो.

पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेले तर काय बिघडेल, असे कोणी विचारील. वाटेत काही कण तळाशी बसतात, काही नाजूक कण फुटतात, तर काही प्लवक मरून जातात. बाटलीतील पाणी मग समुद्रातील पाण्यासारखे राहत नाही. यासाठी पाणी उपकरणाकडे आणण्यापेक्षा उपकरणच पाण्यात नेणे श्रेयस्कर ठरते.

इटालियन ज्योतिर्विद अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या दोरीने खाली सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात, हे पाहिले. ही युक्ती साधी असली, तरी उपयुक्त आहे, आणि ती आजही वापरली जाते. परंतु प्रकाश कोणत्या दिशेला किती वळला, हे तबकडी सांगू शकत नाही. त्यासाठी प्रकीर्णनमापक हे उपकरण तयार करण्यात आले. त्याची रचना समजण्यास कठीण नाही. पाणी आत शिरू नये अशा पेटीत एक दिवा असतो. काचेच्या खिडकीतून त्याचा बारीक झोत समुद्राच्या पाण्यात पडतो. दुसऱ्या पेटीत प्रकाश ग्रहण करणारा संवेदक असतो. दिवा व संवेदक यांच्यामधील कोन बदलत गेले, की झोतापासून किती अंश वळलेला प्रकाश किती आहे, हे क्रमाने नोंदता येते.

सॅन डिएगो येथील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेतील थिओडोर पेटझोल्ड यांनी अशा रीतीने केलेली मोजमापे १९७२ साली प्रसिद्ध झाली. केवळ प्रकीर्णनाचा विचार केला, तर बहामा बेटांजवळच्या स्वच्छ पाण्यात एक मीटर अंतर जाताना हिरवट प्रकाशाच्या शंभर भागांपैकी सुमारे चार भाग विखुरतात, असे त्यांच्या आकड्यांवरून दिसते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ हे प्रमाण सुमारे वीस, तर सॅन डिएगोच्या बंदरात सुमारे चौऱ्याऐंशी होते! आणखी एक गोष्ट ध्यानात आली. विखुरलेला बहुतेक प्रकाश थोडासा वळून पुढेच जातो; मागे फिरणारा भाग या तिन्ही ठिकाणी शेकडा पाचांहूनही कमी होता.

हा मागे फिरणारा अल्पसा भागच फार मोलाचा आहे. कारण समुद्राची वार्ता घेऊन तोच वर येतो आणि आकाशातील उपग्रहापर्यंत पोहोचतो. भारताने १९९९ साली सोडलेल्या ओशनसॅट-१ या उपग्रहावर समुद्राचा रंग टिपणारे उपकरण होते. पुढे त्याच मालिकेतील आणखी उपग्रह सोडण्यात आले. उपग्रहांनी टिपलेला समुद्राचा रंग व पृष्ठभागाचे तापमान यांवरून हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मासे कोठे सापडण्याचा संभव आहे, हे कोळीबांधवांना कळवते. परंतु उपग्रहाला दिसलेल्या रंगाचा अर्थ बरोबर लागावा, म्हणून प्रत्यक्ष पाण्यातील मोजमापांशी तो ताडून पाहावा लागतो. मोजमाप चुकले, तर अंदाजही चुकण्याचा धोका असतो. आणि चुकलेल्या अंदाजामागे गेलेल्या होडीचे इंधन व श्रम वाया जातात.

उपग्रहाला समुद्राचा वरचा थरच दिसतो. त्याखालची हकीकत सांगण्यासाठी आता स्वयंचलित तरंडे समुद्रात सोडलेले असतात. त्यांपैकी काही अरबी समुद्रात व बंगालच्या उपसागरातही फिरत असतात. साधारणपणे दर दहा दिवसांनी असा तरंडा २००० मीटर खोल जातो आणि मोजमापे घेत वर येऊन ती उपग्रहाकरवी किनाऱ्यावर पाठवतो. त्या खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरील हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट असतो. तो दाब तर सोसावा लागतोच; शिवाय उथळ पाण्यात बराच काळ राहणाऱ्या उपकरणांच्या काचेवर शेवाळ व शिंपले वाढतात. डागाळलेली काच समुद्राविषयी खोटी साक्ष देते. म्हणून काही उपकरणांना खिडकी आपोआप पुसणारा हातही जोडलेला असतो.

अथांग सागराचे अंतरंग जाणण्यासाठी मनुष्याला मागे वळलेल्या चिमूटभर प्रकाशाचा आधार पुरतो. मात्र तो प्रकाश काटेकोरपणे मोजला पाहिजे आणि ज्या काचेतून तो पाहावयाचा, ती काच निर्मळ राखली पाहिजे.