डोळे खूश, मन कोरडं: 'द क्रिएटर'चं नेमकं काय बिनसलं?

आज एकच सिनेमा आणि एकच प्रश्न. सिनेमा 'द क्रिएटर', २०२३ साली आलेला, दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स. आणि प्रश्न असा, की एवढा देखणा सिनेमा संपल्यावर आतून काहीच का हलत नाही? पुढे कथेतल्या गोष्टी उघड होणार आहेत. सिनेमा पाहिला नसेल तर इथेच थांबा, बघून या.

आधी कौतुक, कारण ते मनापासून आहे. बजेट साधारण ८ कोटी डॉलर. आपल्याला हा आकडा प्रचंड वाटेल, पण हॉलिवूडच्या मोठ्या साय-फायसाठी तो कमीच. शूटिंग बरंचसं सोनीच्या एफएक्स३ कॅमेऱ्यावर झालं. हा कॅमेरा तेव्हा साधारण ४ हजार डॉलरला मिळायचा, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याकडेही असू शकतो!

खरी गंमत पद्धतीत आहे. सहसा आधी डिझाइन ठरतं, मग हिरव्या पडद्यासमोर शूटिंग होतं. एडवर्ड्सनी उलट केलं. छोटी टीम घेऊन थायलंड, नेपाळ, कंबोडियासारख्या खऱ्या ठिकाणी शूट केलं, एडिट केलं आणि नंतर त्या फ्रेमवर रोबो, इमारती, यंत्रं चढवली. त्यामुळे भातशेती खरी, ऊन खरं, आणि मागे उभा अजस्र टॉवरही खराच वाटतो. व्हिज्युअल इफेक्ट्ससाठी ऑस्करचं नामांकन मिळालं ते उगाच नाही.

आता गोष्ट. लॉस एंजेलिसमध्ये अणुस्फोट होतो, अमेरिका एआयवर बंदी घालते. 'न्यू एशिया'त मात्र माणसं आणि रोबो शेजारी-शेजारी राहतात. जोशुआ नावाच्या सैनिकाला एक शस्त्र नष्ट करायला पाठवतात, आणि ते शस्त्र निघतं एक लहान मुलगी, अल्फी.

बीज उत्तम आहे ना? पण प्रत्येक सुंदर फ्रेम एक प्रश्न विचारते आणि पटकथा तो तसाच सोडून देते. भगवी वस्त्रं घातलेले रोबो भिक्षू दिसतात. अप्रतिम! पण यंत्राला भिक्षू का व्हावंसं वाटलं? ते कळत नाही. एआयवर बंदी घालणारी अमेरिका स्वतःच बोलणारे, धावत जाऊन फुटणारे रोबो-बॉम्ब वापरते. हा दुटप्पीपणा हाच एक सिनेमा झाला असता, पण इथे तो एका सीनपुरता उरतो. अल्फीची शक्तीही तसंच. गरज पडली की चालते, त्यामुळे आपल्याला तिची भीती वाटत नाही.

तुलनेला 'डिस्ट्रिक्ट ९' घ्या. २००९चा, नील ब्लॉमकॅम्पचा, बजेट साधारण ३ कोटी डॉलर. त्यात विकसचा हात परग्रहवासीयांसारखा होऊ लागतो. दृश्य म्हणून भयंकर आहेच, पण त्याच हातामुळे त्याची नोकरी जाते, घर जातं, बायको दुरावते. ज्यांना तो हुसकावत होता, त्यांच्याच वस्तीत त्याला लपावं लागतं. म्हणजे इफेक्ट हीच कथा आहे.

आता गंमत बघा. जोशुआचाही एक हात यांत्रिक आहे! अर्धं यंत्र अंगावर वागवणारा माणूस यंत्रांना मारायला निघालाय. केवढी ठिणगी होती ही! पण सिनेमा तिला फारशी फुंकर घालत नाही. जोशुआ बदलतो तो मुख्यतः हरवलेल्या बायकोच्या, मायाच्या ओढीने. आणि माया आपल्याला भेटते बहुतेक आठवणींच्या तुकड्यांत, त्यामुळे त्याचं दुःख आपल्याला दिसतं, पण आपलं होत नाही.

माझं मत विचाराल तर 'द क्रिएटर' बघाच, शक्यतो मोठ्या पडद्यावर. आणि तुमच्यापैकी जे फोनवर शॉर्ट फिल्म करतात, त्यांनी तर दोनदा बघा. कॅमेरा आता अडचण राहिलेला नाही, हे या सिनेमाने दाखवून दिलंय. शूटिंगआधी फक्त स्वतःला विचारा: ही फ्रेम काढून टाकली, तर माझ्या पात्राचं काय बिघडेल? उत्तर 'काहीच नाही' असेल, तर ती फ्रेम अजून गोष्टीत आलेलीच नाही.

तुम्हाला असा कुठला सिनेमा आठवतो, देखणा पण पोकळ? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!