जोडक, मोटारगाडीतील विद्युत्

मोटारगाडीचे दिवे, वायपर, भोंगा, दारांची कुलुपे इत्यादींचे नियमन करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला तारांचे जुडगे जोडण्याचे साधन. व्यवहारात यास कनेक्टर किंवा कपलर म्हणतात. त्याचे कवच प्लॅस्टिकचे असून आतील अग्रे तांब्याच्या मिश्रधातूची असतात. त्यांवर बहुधा कथिलाचा मुलामा देतात. चुकीची जोडणी टाळण्यासाठी कवचाला विशिष्ट खाचा ठेवलेल्या असतात.

निर्दोष स्पर्शस्थानाचा रोध काही मिलिओहमच असतो. मात्र कंपनांमुळे अग्रे परस्परांवर घासली जाऊन कथिलाचे ऑक्साइड साचते व रोध वाढतो. १० अँपिअर प्रवाहाच्या मंडलात ०·१ ओहम जादा रोध आल्यास १ व्होल्ट दाब घटतो आणि तेथे १० वॉट उष्णता निर्माण होऊन कवच वितळण्याचा संभव असतो.

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या भागांत खाडीवरील खारी हवा आणि जून ते सप्टेंबरमधील मुसळधार पाऊस यांमुळे गंजण्याची क्रिया त्वरेने होते. एंजिनाकडील जोडकांना रबरी वलये असतात. आसनकक्षातील जोडकांना बहुधा ती नसतात. तारेवरून ओघळणारे पाणी आत शिरू नये म्हणून तारेला जोडकाखाली झोल ठेवतात.

भर पावसात वायपर थांबणे धोक्याचे असते. अशा वेळी दोष पुष्कळदा महागड्या नियंत्रकात नसून जोडकात असतो. म्हणून नियंत्रक बदलण्यापूर्वी उपकरण चालू ठेवून जोडकाच्या दोन्ही बाजूंमधील दाबाची घट मोजणे हितावह ठरते. जोडक सोडविताना मात्र बॅटरीचे ऋण अग्र आधी अलग करतात.